‘कोर्स करू का?’ याला सरळ उत्तर न देणाऱ्या ताईंस

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हल्ली माझ्या फोनवर एकच प्रश्न फिरून फिरून येतो. फिजिओथेरपीच्या बॅचमधल्या मैत्रिणी विचारतात, एक बीएएमएस झालेली वहिनी विचारते, परवा तर माझ्या भाच्याच्या शाळेतल्या बाईंनी गेटवरच गाठलं. ‘यूएक्स डिझाइनचा तो इंटेन्सिव्ह कोर्स करू का गं? खरंच लाइन बदलता येते का?’ (यूएक्स म्हणजे यूजर एक्सपीरिअन्स: ॲप, वेबसाइट किंवा वस्तू वापरणाऱ्याला सोपी जावी अशी तिची आखणी.) मी जे सांगते ते बहुतेक सगळं तुमचं असतं, आणि ‘किती छान समजावलंस’ हे मात्र मला ऐकायला मिळतं. ही उधारी चारचौघांत फेडावी म्हणून हे पत्र. नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळते आहे. नाशिकमध्ये ओळखणारे ओळखतीलच.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही डिझायनर, मी फिजिओथेरपिस्ट. काकूंचा गुडघा बदलला तेव्हा व्यायाम करून घ्यायला मी गंगापूर रोडच्या तुमच्या घरी यायचे. काकू टाच सरकवता सरकवता माझा उद्धार करायच्या आणि शेजारच्या खोलीत तुम्ही लॅपटॉपसमोर बसून कुणाला तरी सांगत असायचात की हे बटण इथे का नको. मला त्या बोलण्याचं कुतूहल वाटायला लागलं. घरोघरी फिरून, माणसं वळवून-उठवून माझीच कंबर कुरकुरत होती. व्हिजिटच्या पैशांवरून दर महिन्याला होणारी घासाघीस वेगळी. त्यात एका कोर्सची जाहिरात दिसली: काही महिन्यांत डिझायनर, रविवारी रात्री बारापर्यंत सवलत. मी माहितीपत्रक घेऊन तुमच्यासमोर बसले.

तुम्ही कोर्स चांगला की वाईट हे सांगितलंच नाहीत. विचारलंत, ‘डॉक्टर, सुटायचंय कशातून आणि जायचंय कुठे? दोन्हींची उत्तरं वेगवेगळी द्या.’ पहिल्याचं उत्तर माझ्याकडे भरभरून होतं. दुसऱ्याला मी म्हटलं, बसून करायचं काम, एसीत. त्यावर तुम्ही हसून म्हणालात, ‘मग हॉस्पिटलच्या मेडिक्लेम डेस्कवर बसा की. लाखभर रुपये कशाला घालवताय?’ मला राग आला होता, हे आज सांगायला हरकत नाही. पण त्या रविवारी रात्री मी पैसे भरले नाहीत.

मग तुम्ही ते माहितीपत्रक हातात पेन्सिल घेऊन वाचलंत. तसं वाचायला मला कुणी शिकवलं नव्हतं. ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणजे बायोडेटा सुधारून देणं आणि काही कंपन्यांना तो पाठवणं. नोकरीची हमी ही निराळी गोष्ट. जिथे हमी असते तिथे तिच्या अटी वाचायच्या: दर आठवड्याला किती अर्ज करायचे, कुठल्याही शहरात जायची तयारी हवी का, इंटर्नशिप मिळाली तरी ती ‘नोकरी’ म्हणून मोजली जाते का. ‘नो कॉस्ट ईएमआय’ हे बहुतेक वेळा एखाद्या फायनान्स कंपनीचं आपल्या नावावरचं कर्ज असतं, आणि कोर्स मध्येच सोडला तरी हप्ते आपोआप थांबत नाहीत. शिकवणाऱ्यांच्या नावापुढे मोठ्या कंपन्यांची नावं आहेत, पण आपल्या बॅचला ते किती तास येणार? आणि शेवटी, यशोगाथेत फोटो असलेल्यांना सोडून त्याच बॅचमधल्या इतरांना लिंक्डइनवर गाठायचं. ते आत्ता काय करतात एवढंच विचारायचं, कोर्स आवडला का हे विचारायचं नाही. पैसे भरलेला माणूस कोर्स आवडला असंच म्हणतो, हे तुमचं वाक्य मी आता सगळ्यांना ऐकवते.

या कोर्सेसची कुळकथाही तुम्हीच सांगितलीत. दहा-बारा आठवडे दिवसभर एकच विषय आणि शेवटी पोर्टफोलिओ, म्हणजे मुलाखतीत दाखवायचा आपल्या कामांचा संग्रह, हा साचा अमेरिकेत रुळला. तिथल्या नावाजलेल्यांपैकी जनरल असेंब्ली ही न्यूयॉर्कमध्ये 2011 साली सुरू झाली आणि 2018 मध्ये अडेको या स्विस कंपनीने ती 41.3 कोटी डॉलरना घेतली. अडेकोचा धंदा कंपन्यांना माणसं पुरवण्याचा. ‘म्हणजे हे दुकान नोकरभरतीच्या शेजारी मांडलेलं आहे,’ तुम्ही म्हणालात, ‘भरती जोरात असते तेव्हा सगळेच कोर्स चांगले वाटतात.’ 2022 च्या अखेरीस मोठ्या टेक कंपन्यांत नोकरकपात सुरू झाली. अनुभवी माणसं बाजारात उतरल्यावर नवशिक्यांच्या जागांवर काय पाळी येते, हे तुम्ही तुमच्याच टीममधल्या बंद झालेल्या जागांवरून सांगितलंत. मी त्यानंतरची जाहिरात वाचली ती वेगळ्या नजरेने. कोर्सची नव्हे, नोकरीची. ‘ज्युनिअर’ म्हणायचं आणि खाली दोन वर्षांचा अनुभव मागायचा!

पण तुम्ही मला घाबरवून सोडून दिलं नाहीत. ‘यूजर एक्सपीरिअन्स’ हे नाव ज्यांच्यामुळे रूढ झालं ते डॉन नॉर्मन मूळचे इलेक्ट्रिकल इंजिनीअर, पुढे मानसशास्त्राकडे वळलेले. 1979 मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झाल्यावर नियंत्रण कक्षाची रचना तपासायला बोलावलेल्यांत ते होते, आणि 1993 मध्ये ॲपलमध्ये गेले तेव्हा हुद्द्यातच हे शब्द घालून घेतले. थोडक्यात, हा सगळा विषयच लाइन बदलून आलेल्यांचा. ‘तेव्हा तुम्ही बाहेरच्या आहात याची लाज नको,’ तुम्ही म्हणालात. ‘फक्त बाहेरून काय घेऊन येताय ते कळू द्या.’

आणि मग तुम्ही मला ते काम दिलंत. माझ्या मते सगळ्या आभारांचं मूळ तिथे आहे.

ऑपरेशननंतर आम्ही रुग्णाला व्यायामाचा कागद देतो. झेरॉक्सची झेरॉक्स, काड्यांच्या माणसांची चित्रं, खाली इंग्रजी नावं. तुम्ही म्हणालात, या कागदाचं घरी काय होतं ते बघून या. सांगायचं नाही, शिकवायचं नाही, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. पाचेक माणसं पुरेत. या क्षेत्रातले जाणकार जेकब नील्सन यांनी 2000 साली मांडलेला हिशेब असा की पाच जणांकडून तपासलं तरी वापरातल्या सुमारे 85 टक्के अडचणी दिसून येतात. त्या टक्क्यांवर या क्षेत्रात वादही आहेत, हेही तुम्ही लगेच सांगितलंत.

फिजिओला ‘हात लावू नका’ म्हणणं म्हणजे काय, ते फिजिओलाच कळेल. गुडघा चुकीचा वळताना दिसतो आणि हात आपोआप पुढे जातो. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. आणि इतकी वर्षं ज्या घरांत जात होते, तिथे मला नवंच काही दिसायला लागलं. कागद एका घरी फ्रिजवर चुंबकाने लावलेला, म्हणजे व्यायाम बेडरूममध्ये आणि कागद स्वयंपाकघरात. दुसऱ्या घरी देवघरात पोथीखाली, जपून. पडून व्यायाम करताना चष्मा काढून ठेवलेला असतो, तेव्हा अक्षर कितीही मोठं केलं तरी काय उपयोग? एका आजोबांच्या नातवाने यूट्यूबवर व्हिडिओ लावून दिला होता. आजोबांचे दोन्ही हात मांडीला धरलेले, फोन उशीपाशी, आणि तिसऱ्या मिनिटाला स्क्रीन बंद. ‘कळलं का?’ विचारलं की सगळे ‘हो हो, कळलं’ म्हणत होते. तेवढ्यावर मी इतकी वर्षं विश्वास ठेवून पुढच्या व्हिजिटला निघत होते.

माझ्या डोक्यात तोवर ॲप होतं. रंगीत, बटणांचं, वर हसरा चेहरा. तुम्ही माझ्या टिपणवह्या वाचल्यात आणि विचारलंत, ‘यात स्क्रीनकडे बघायला मोकळं कोण आहे?’ कुणीच नव्हतं. शेवटी मी केलं ते असं: माझ्याच आवाजात, मराठीत, सावकाश मोजणारी ध्वनिफीत. ‘टाच सरकवा, थांबा, एक, दोन...’ व्हॉट्सॲपवर पाठवायची, एकदा सुरू केली की फोनला हात लावायला नको. आजोबांना आकड्यांचा वेग जास्त वाटला, तो कमी केला. एका मावशींना मधल्या शांततेत फोन बंद पडला असं वाटायचं, तिथे ‘अजून थांबा’ घातलं. सोबतचा कागदही बदलला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट घेतला आणि ओळींमधलं अंतर वाढवलं, कारण इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलेल्या अंतरात आपल्या वेलांट्या आणि रफार वरच्या ओळीत घुसतात. हे सगळं कुठल्याही कोर्सआधी, घरच्या जुन्या लॅपटॉपवर आणि फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फुकटच्या खात्यावर.

हे झाल्यावर तुम्ही म्हणालात, ‘आता कोर्सकडे बघा. तुम्हाला काय येत नाही ते आता तुम्हाला माहीत आहे.’ खरंच होतं. निरीक्षण मला जमत होतं. जमत नव्हतं ते माहितीची मांडणी, वायरफ्रेम (म्हणजे स्क्रीनचा कच्चा आराखडा), फिग्मातला वेग, आणि आपलं काम दुसऱ्याने चिरफाडून ठेवल्यावर शांत बसणं. तुम्ही स्वस्तातल्या वाटा आधी दाखवल्यात. कोर्सेरा या ऑनलाइन शिकवणाऱ्या साइटवरचं गुगलचं यूएक्सचं प्रमाणपत्र 2021 पासून आहे. इंटरॲक्शन डिझाइन फाउंडेशन या ऑनलाइन शिकवणाऱ्या संस्थेची वार्षिक वर्गणी भरून बरंच शिकता येतं. आणि खरोखर खोलात जायचं असेल तर सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागासारख्या ठिकाणी दोन वर्षांचं एमडेस, म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी. परीक्षेला पदवीधर कुठल्याही शाखेचा चालतो, वयाची अट नाही; प्रवेशाची पात्रता मात्र त्या त्या संस्थेची बघायची. घर आणि हप्ते सांभाळून ते मला शक्य नव्हतं, पण बाविशीतल्या मुलामुलींना मी आज पहिल्यांदा तेच सुचवते.

मी शेवटी इंटेन्सिव्ह कोर्स केला, जाहिरातीतल्यापेक्षा वेगळा आणि बराच स्वस्त. त्याने काय दिलं? मुदती दिल्या. आठवड्याला दोन रात्री एकमेकांच्या कामावर होणारी चर्चा दिली. एका आर्किटेक्टने माझ्या स्क्रीनकडे बघून ‘यात दार कुठेय?’ विचारलं होतं, ते मी विसरणार नाही. नोकरी दिली नाही. बॅचमधल्या निम्म्या पोर्टफोलिओत तेच खाद्यपदार्थ घरपोच देणारं ॲप आणि तेच ध्यानधारणेचं ॲप होतं, सारख्याच चौकटीत, सारख्याच पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांसकट. मुलाखती घेणारे ती पानं भराभर सरकवत. माझ्या ध्वनिफितीपाशी मात्र प्रत्येक वेळी थांबत आणि म्हणत, ‘स्क्रीनच नाही? सांगा बघू.’ मग अर्धा तास आजोबांचंच बोलणं व्हायचं. कंप असलेल्या अंगठ्याला लहान बटण का सापडत नाही, हे मला पुस्तकातून पाठ करावं लागलं नव्हतं. बोटाने दाबायच्या बटणाला ॲपल 44 पॉइंटची जागा सुचवतं, गुगल 48 डीपीची (दोन्ही स्क्रीनवरची मापं), हे आकडे नंतर कळले. अंगठा आधीपासून माहीत होता.

आता मी आरोग्याच्या क्षेत्रातल्या एका छोट्या कंपनीसाठी कंत्राटावर यूजर रिसर्च करते, म्हणजे वापरणाऱ्यांना बघून-ऐकून त्यांच्या अडचणी शोधते. सकाळी अजूनही काही रुग्ण बघते. सुरुवातीचे पैसे व्हिजिटच्या कमाईपेक्षा कमी होते, हेही फोन करणाऱ्यांना सांगते. बरेच जण तिथे गप्प होतात.

एका बाबतीत तुमच्याशी माझं अजून पटत नाही. तुम्ही म्हणता, शिस्त असेल त्याला कोर्सची गरज नाही. ताई, तुम्ही पुण्या-बंगळुरूच्या डिझाइन टीममध्ये वाढलात. नाशिकमध्ये फिजिओच्या भोवती फिजिओच असतात, शिक्षकाच्या भोवती शिक्षक. काम दाखवायला माणूसच नसतो. मला तुम्ही भेटलात तो काकूंच्या गुडघ्याचा योगायोग. ज्यांना असा योगायोग लाभत नाही त्यांनी सोबतीसाठी थोडे पैसे मोजले तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. फक्त आधी एक काम स्वतः करून बघा, मग पैसे भरा, एवढं सांगते. हा क्रम तुमचा.

तुमच्या प्रश्नांचा कागद मी टाइप करून ठेवला आहे, मुक्तमध्येच. इथून पुढे तुमच्याकडे कुणी माहितीपत्रक घेऊन आलं आणि तुम्हाला वेळ नसला, तर माझा नंबर द्या. संध्याकाळी सहानंतर मी मोकळी असते. मेडिक्लेम डेस्कचा टोमणा मात्र तुमच्याइतका चांगला मारता येईल याची खात्री नाही.

काकूंना नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
‘डॉक्टर’