ठेवीची पावती दाखवल्याशिवाय परवानगी देऊ नका

माननीय कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

आम्हा माजी बालकलाकारांतली एक मुलगी गेल्या आठवड्यात अठरा वर्षांची झाली. दहाव्या वर्षी ती रोजच्या मालिकेत होती. आधार कार्ड आणि जन्मदाखला घेऊन तिने तीन बँका पालथ्या घातल्या. तिच्या नावावर ठेव कुठेच नाही.

2017 पासून बालकामगार नियमांत लिहिलंय की मुलाच्या कमाईतले किमान 20 टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत, त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकायचे. रोजचे 10,000 आणि महिन्यात 20 दिवस शूटिंग धरा. त्यातले 20 टक्के म्हणजे महिन्याला 40,000 होतात, वर्षाला 4,80,000. एका मुलीचं इंजिनिअरिंग त्यात निघालं असतं! पैसे गेले कुठे? पेमेंट नव्वद दिवसांनी, तेही आईच्या खात्यावर येतं. टीडीएस आईच्याच पॅनवर कापला जातो. मुलाचं नाव कागदावर राहतच नाही, मग ठेव कोणाच्या नावाने उघडणार?

वेळेचंही तेच. दिवसाला पाच तास, विश्रांतीशिवाय सलग तीनच, आणि सलग 27 दिवसांपेक्षा जास्त काम नाही, असा नियम. प्रत्यक्षात कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, सकाळी नऊची, सीन लागतो दुपारी चारला. पोर कॉस्च्युम घालून, मेकअप चढवून तिथेच पेंगतं आणि प्रॉडक्शन म्हणतं, काम दोनच तास झालं. तास गेटमधून आत आल्यापासून पॅकअपपर्यंत मोजा, साहेब. बारा तासांच्या शिफ्टनंतर शाळेत काय जाणार ते?

मुलांना शूटिंगमध्ये घ्यायला लागणारी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी सहा महिन्यांचीच असते. मग पुढची परवानगी देताना प्रत्येक मुलाच्या ठेवीची पावती मागा. पावती नाही, तर परवानगी नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी समितीही नको. समित्यांचे अहवाल येईपर्यंत मुलं मोठी होतात. आणि चौदा वर्षं पूर्ण झाली की मूल या नियमातून बाहेरच पडतं, त्यांचंही बघा.

कॅलिफोर्नियात 1939 साली कायदा झाला, कारण जॅकी कूगन या हॉलिवूडच्या बालकलाकाराची बालपणची कमाई आई आणि सावत्र वडिलांनी संपवली होती. आपल्याकडे नियम आहे, पण तो राबवणारं कोणी नाही. शेतमजूर असो, ऊसतोड कामगार असो की कलाकाराचं मूल, या राज्यात घाम गाळणाऱ्याच्या नावाची पावती फाडायला कोणाला वेळ नाही, याची आम्हाला चीड येते.

त्या मुलीला पुढच्या महिन्यात कॉलेजची फी भरायची आहे. तिची ठेव कोणत्या बँकेत आहे, एवढं तरी त्याआधी कळवा.

आपले,
काही माजी बालकलाकार