बेटांमधले हवाई अंतर आणि प्रत्यक्ष प्रवास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की पर्यटन पुरवण्यांतून दोन विमानतळांमधले अंतर आणि ‘प्रवासास लागणारा वेळ’ सांगणारी कोष्टके छापून येतात. हा वेळ पुष्कळदा सरळ रेषेतील अंतराला विमानाच्या वेगाने भागून काढलेला असतो. दूरच्या बेटांच्या बाबतीत अशी माहिती वाचकाची दिशाभूल करते, म्हणून हे पत्र.

लक्षद्वीपमधील अगत्ती आणि अंदमानातील श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, यांच्यातील हवाई अंतर सुमारे २,२४० किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेग धरला, तर उत्तर येते पावणेतीन तास. प्रत्यक्षात या दोन विमानतळांदरम्यान थेट विमान नाही, आणि सध्याच्या स्थितीत ते शक्यही नाही. अगत्तीची धावपट्टी जेमतेम १,२०० मीटरची असून बेटाच्या अरुंद टोकावर आहे. तिथे एटीआर-७२ सारखी पंख्याची लहान विमानेच उतरू शकतात. त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो आणि पूर्ण प्रवासी घेऊन एवढा लांबचा पल्ला त्यांना गाठता येत नाही. श्रीविजयपुरमच्या वीर सावरकर विमानतळाची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे खरी, पण तिथली मोठी जेट विमाने अगत्तीला उतरणार कुठे?

त्यामुळे मुख्य भूमीवर विमान बदलावेच लागते. अगत्ती ते कोची सुमारे ४६०, कोची ते चेन्नई ५२० आणि पुढे समुद्रावरून १,३७० किलोमीटर, असे एकूण अंतर २,३५० किलोमीटर होते. म्हणजे वळसा अवघा शंभर-सव्वाशे किलोमीटरचा, कारण सरळ रेषाही कोइंबतूरच्या आसपासवरूनच जाते. वेळ मात्र कितीतरी वाढतो. तीन उड्डाणांचेच मिळून पाच तास होतात. त्यात दोन ठिकाणची प्रतीक्षा धरली की अख्खा दिवस जातो, आणि वेळा जुळल्या नाहीत तर एक रात्र चेन्नईत काढावी लागते. तिकिटे वेगवेगळ्या कंपन्यांची असतील, तर प्रत्येक ठिकाणी सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते, आणि पहिले विमान उशिरा पोचल्याने पुढचे चुकले तर त्याची भरपाई सहसा मिळत नाही. पावसाळ्यात हा धोका अधिक. २०२४ पासून बेंगळुरू आणि गोव्याहूनही अगत्तीला विमाने जाऊ लागली, ही चांगलीच गोष्ट आहे. तरी अंदमानासाठी विमान बदलणे त्याने टळत नाही.

आणखी एक बाब कोष्टकात कधीच नसते. दोन्ही बेटांवर घड्याळ एकच असले तरी अंदमानात सूर्य सुमारे ८० मिनिटे आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. दुपारी तीनला उतरून त्याच दिवशी सेल्युलर जेल पाहू म्हणणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना हे आधी कळायला हवे.

आपल्या पुरवणीत सरळ अंतरासोबत वेळापत्रकातील उड्डाणांचा वेळ, विमान कुठे बदलावे लागते आणि किमान किती थांबावे लागते, हेही द्यावे, अशी विनंती आहे. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना लागतो आणि तो हाती येण्यापूर्वी तिकिटे काढू नयेत, ही सूचनाही त्याच कोष्टकाखाली एका ओळीत छापता येईल.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे