शेजारच्या सीटवर कोण बसणार, ते आधी विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नव्या ट्रकचालकांनी पहिली कंपनी कशी निवडावी, हा आपल्या कालच्या अंकातला लेख मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला तो ‘ब्रेक’ हा शब्द कुठे येतो का, हे पाहण्यासाठी. नाही आला. पगार, जॉइनिंग बोनस, नवी कोरी गाडी, महिन्यातून किती दिवस घरी, एवढ्यावर लेख संपला. लेख मेहनतीने लिहिलाय, हे मान्य. पण कालच जड वाहनाचं लायसन्स मिळालेल्या पोराने तो वाचून कंपनी निवडली, तर तो माझ्यासारखाच अडकेल. म्हणून हे पत्र.

मीही पगार पाहूनच गेलो होतो. दोन दिवस आवारात गाडी पुढे-मागे करून घेतली आणि तिसऱ्या दिवशी भरलेला ट्रक एकट्याच्या हातात दिला. निघण्याआधी मी सुपरवायझरला सांगितलं होतं, की ज्या हवेवर ब्रेक चालतात तिचा काटा उतरतोय, इंजिन बंद केलं की हवेच्या टाकीजवळ फुसफुस ऐकू येते. तो म्हणाला, “इंजिन चालू राहू दे, भरते हवा.” भरतही होती. सपाट रस्त्याला काही कळलं नाही.

मग घाट लागला. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा आणि गाडी इंजिनवर धरायची, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शेजारी बसून कुणी करून घेतलं नव्हतं. मी वरच्या गिअरमध्ये तसाच उतरत राहिलो, पाय ब्रेकवर ठेवून. चौथ्या वळणाला पेडल दाबलं तरी गाडी आवरेना. ब्रेकचे ड्रम तापले की फुगतात, त्यांना आतून घासणाऱ्या लायनिंगची पकड सुटते, हे मला त्या क्षणी पायाला कळलं. पुन्हा पुन्हा ब्रेक मारल्याने गळकी हवा आणखी संपली, काटा लाल पट्ट्यात गेला आणि बझर ओरडू लागला. डोंगराच्या अंगाला रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीचा ढीग होता. त्यात गाडी घुसवली, म्हणून आज हे पत्र लिहितोय.

चाकांतून धूर येत होता आणि माझी बोटं स्टिअरिंगवरून सुटत नव्हती. मागून येणारा एक वयस्क चालक थांबला. त्याने आधी चाकांखाली दगड लावले, मग गाडीखाली वाकून हवेच्या टाकीची ड्रेन कॉक, म्हणजे साचलेलं पाणी काढायची तोटी, उघडली. आतून ताकासारखं पांढरट, तेलकट पाणी आलं, बराच वेळ येत राहिलं. “ही टाकी कित्येक महिन्यांत कुणी रिकामी केलेली नाही, बाळा,” एवढंच तो बोलला. तेवढ्यात कंपनीतून फोन आला. पहिला प्रश्न होता, माल किती वाजेपर्यंत पोचेल. पुढच्या पगारातून बंपरचे पैसे कापले गेले.

दुसऱ्या कंपनीत पगार कमी होता. तिथे पहिले दोन महिने माझ्या शेजारी एक उस्ताद बसला. मागे घेताना खाली उतरून जागा बघितल्याशिवाय त्याने मला एकदाही रिव्हर्स टाकू दिला नाही. रोज सकाळी टाकीतलं पाणी काढायचं, हातोडीने टायर वाजवून बघायचे, दिसलेला बिघाड वहीत लिहून खाली सही घ्यायची. एकदा त्याने वहीत लिहिलं, ‘गाडी नेत नाही’, आणि त्या दिवशी गाडी खरोखर आवारातच उभी राहिली. कुणी आवाज चढवला नाही. मी जे काही शिकलो, ते त्या सीटवरून.

म्हणून नव्या मुलांना माझं सांगणं आहे, की पगाराच्या आधी हे विचारा: माझ्याबरोबर कोण बसणार, किती आठवडे? आणि मी गाडी न्यायला नकार दिला तर काय होईल? ऑफिसात गोड उत्तरं मिळतात, म्हणून फाटकाबाहेर तासभर उभे राहा आणि नोकरीला वर्षही न झालेल्या चालकांशी बोला. जोडटायरमधला आतला टायर वाकून बघा. माझ्या पहिल्या कंपनीत गुळगुळीत टायर तिथेच बसवायचे. माल भरायला ताटकळलेले तास पगारात धरतात का, तेही विचारा. फेरीवर पैसे असतील तर तो सगळा वेळ तुमच्या खिशातून जातो आणि मग तो भरून काढायला माणूस झोप सोडतो.

‘पहिल्याच वर्षी स्वतःच्या गाडीचे मालक व्हा’ ही चौकट तर छापायलाच नको होती. कंपनीच गाडी देणार, हप्ते कमाईतून कापणार आणि काम किती द्यायचं तेही कंपनीच ठरवणार. गाडी गॅरेजमध्ये पडली तरी हप्ता थांबत नाही. नवशिक्याने अशा कागदावर सही करू नये.

आणखी एक, जे बरेच दिवस मनात आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७९ साली रस्ते वाहतुकीसाठी १५३ क्रमांकाचा करार केला. सलग ४ तासांनंतर थांबा, जादा काम धरूनही दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही, रोज सलग १० तास विश्रांती, असं त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे दमलेला चालक किती धोक्याचा असतो, हे जगाला तेव्हापासून माहीत आहे. तरीही आपल्या दैनिकात ट्रकच्या प्रत्येक अपघाताची बातमी ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ अशीच येते. तो खडीचा ढीग तिथे नसता, तर माझीही तशीच आली असती आणि सुपरवायझरला मी आधी काय सांगितलं होतं, ते कुणालाच कळलं नसतं.

आपल्या वार्ताहरांना कृपया दोन गोष्टी विचारायला सांगा: चालक किती तास जागा होता, आणि गाडीचा बिघाड त्याने आधी कुणाला सांगितला होता का. उत्तर मिळालं नाही, तर तेही बातमीत छापा.

आपला नियमित वाचक,
एक ट्रकचालक