आधी चावीवाल्यांच्या जागा भरा

महोदय,

आस्थापना खर्चाने, म्हणजे पगार-पेन्शनच्या खर्चाने, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली की महापालिकेची नोकरभरती थांबते. निवृत्ती मात्र थांबत नाही. चावीवाला (पाण्याच्या नळावरचे व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा), फिटर, पंपचालक एकेक करून घरी जातात आणि जागा तशाच राहतात.

चावी फिरवणे कुणालाही जमेल, असे समजू नये. सहा इंची स्लुइस व्हॉल्व्ह (नळातले पाणी अडवणारी झडप) बंद व्हायला साधारण वीस फेरे लागतात. शेवटचे चार-पाच अगदी सावकाश द्यायचे. घाई केली तर पाण्याचा दणका बसून जुन्या बिडाच्या नळाचा शिशाचा जोड सुटतो. स्पिंडलपाशी, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवायच्या दांड्यापाशी, पाणी झिरपू लागले तर ग्लँडचे (दांड्याभोवतीच्या दाबपट्टीचे) नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. तरीही थांबले नाही तर पॅकिंगची, म्हणजे दांड्याभोवती गळती रोखणारी, दोरी बदलायची. ही स्वस्तातली दोरी वेळेत बदलली नाही की स्पिंडल गंजतो, व्हॉल्व्ह अडकतो आणि एका गळतीपायी अख्ख्या पेठेचे पाणी बंद ठेवावे लागते. शिवाय कोणता व्हॉल्व्ह डांबराखाली गाडला गेला आहे, हे बरेचदा त्या एका माणसालाच ठाऊक!

अनुकंपा यादीतील आयटीआय झालेल्यांना आधी याच पदांवर घ्यावे. शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेता येतात. कळंबा रोडच्या आयटीआयमधून फिटर मिळतील. मात्र त्यांच्या एकट्याच्या हाती व्हॉल्व्ह देऊ नये. जुन्या चावीवाल्याच्या निवृत्तीला सहा महिने असतानाच त्याच्याबरोबर त्यांना फिरवावे आणि प्रत्येक व्हॉल्व्हची जागा, व्यास, फेरे, दिशा वहीत उतरवून घ्यावी.

– एक नागरिक, मंगळवार पेठ, कोल्हापूर