वाडीतल्या शाळेसाठी ग्रामस्थ आणि चाकरमान्यांना आवाहन

स. न. वि. वि.

गणपतीला गावी आलात की वाडीतल्या शाळेवरून तुमचे जाणे होतेच. दोन खोल्या, कौले, पुढे अंगण. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी पाटीवरचा पहिला ‘अ’ तिथेच गिरवला. आज तिचा पट दहा-बारावर आला आहे, आणि पट कमी म्हणून शाळाच नको, असे धोरण पुढे रेटले जात आहे.

सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्त कार्यालयाने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा, म्हणजे अशा लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा, उभारण्याचे प्रस्ताव मागवले. पाठोपाठ 15 मार्च 2024 चा संचमान्यतेचा, म्हणजे पटानुसार शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवणारा, शासन निर्णय आला. त्यात सहावी ते आठवीला 20 पेक्षा कमी मुले असतील तर शिक्षकाचे पदच मिळत नाही. ‘शाळा बंद’ असे कागदावर कोणी लिहीत नाही. शिक्षक काढून घेतला की कुलूप आपोआप लागते. याविरुद्ध 25 सप्टेंबर 2024 ला राज्यभरातले शिक्षक सामूहिक रजा टाकून मोर्चात उतरले. आम्हीही होतो.

शिक्षक आपल्या नोकरीसाठी ओरडतात, असे ऐकू येते. आमच्या जागा यात आहेत, हे खरेच. पण शाळा गेली तर आमचे समायोजन दुसरीकडे होईल. दुसरीतल्या पोरीचे समायोजन कुठे करणार? आणि पुढे तिला पाठवायला घरचे तयार होतील का? आमची खरी भीती ती आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची 3 किलोमीटरच्या आत हवी. नकाशावर पुढची शाळा जवळ दिसते. प्रत्यक्षात मध्ये पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, असतो, आणि जुलैत त्यावरच्या साकवावरून, छोट्या पुलावरून, पाणी गेले की लांबचा वळसा घ्यावा लागतो.

म्हणून संघटनेने प्रत्येक वाडीतून पुढच्या शाळेपर्यंतची वाट पायी मोजायचे ठरवले आहे. मुलांच्या पावलांनी, पावसात, फोटो आणि वेळेसह. हा अहवाल पालकांच्या सह्यांनिशी जिल्हा परिषदेत देऊ. तिथे दाद लागली नाही, तर उच्च न्यायालयात जाऊ. सभासदांनी एक दिवसाचा पगार दिला आहे. वकिलाची फी, झेरॉक्स आणि पालकांचे एसटीचे भाडे याला तो पुरणार नाही.

मुंबईच्या ग्रामविकास मंडळांनी, माजी विद्यार्थ्यांनी यथाशक्ती हातभार लावावा. रक्कम शाळेतल्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे द्या, पावती जरूर घ्या. जमाखर्च दर महिन्याला शाळेच्या फळ्यावर लागेल. पैसे शक्य नसतील तर एक दिवस मोजणीला या. तुमच्यात कोणी वकील असेल, तर कागद वाचून द्या.

मोजणी मात्र पाऊस ओसरण्याआधी व्हायला हवी. दिवाळीनंतर पाहणीला येणाऱ्याला पऱ्या कोरडाच दिसतो.

आपली नम्र,
प्राथमिक शिक्षक संघटना, तालुका कार्यकारिणी