भूतानला व्हिसा लागत नाही, पण मतदार ओळखपत्र लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पानावरील भूतानविषयीचा लेख वाचला. वर्णन उत्तम आहे. मात्र ‘भारतीयांना भूतानला व्हिसाची गरज नाही’ एवढ्या एका वाक्यावर लेखकाने कागदपत्रांचा विषय संपवला आहे. याच वाक्यावर विसंबून गेल्या एप्रिलमध्ये आमच्या गुहागरच्या अकरा जणांपैकी दोघांना सीमेवरून परत फिरावे लागले, म्हणून हे पत्र.

व्हिसा लागत नाही हे खरे आहे, परंतु प्रवेश परवाना लागतो आणि त्यासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेले पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मूळ मतदार ओळखपत्र दाखवावे लागते. आधार कार्ड चालत नाही. आमच्या सहलीची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनी ‘आधार पुरे’ असे सांगितले होते, आणि मेहुणीचे मतदार कार्ड गुहागरच्या कपाटात राहिले. भूतानच्या हद्दीतील फुंटशोलिंग या सीमेवरच्या गावी परवान्याच्या खिडकीवरील तरुण अधिकाऱ्याने ते आधार कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिले, अत्यंत नम्रपणे काचेखालून परत सरकवले आणि मागच्या माणसाला हाक मारली. मेहुणी आणि तिचे पती सीमेच्या अलीकडच्या, आपल्या हद्दीतील जयगावला एक रात्र काढून माघारी आले.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता असतो. चाकरमान्यांच्या कुटुंबांत मतदार कार्ड गावचे, पत्ता मुंबईचा आणि लग्नानंतर सासरचे नाव फक्त आधारवर, हा प्रकार घरोघरी आढळतो. कार्डावरील नाव आणि तिकिटावरील नाव जुळते आहे ना, हे निघण्याच्या दोन महिने आधी पाहावे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पारपत्र किंवा इंग्रजीतील मूळ जन्मदाखला लागतो. ग्रामपंचायतीच्या जुन्या दाखल्यांवर केवळ मराठी मजकूर असतो, तेव्हा इंग्रजी मजकुराचा दाखला वेळेवर काढून घ्यावा.

दुसरी गोष्ट शाश्वत विकास शुल्काची, जिचा लेखात उल्लेखही नाही. सप्टेंबर 2022 पासून भारतीय पर्यटकाला दर रात्री 1,200 रुपये भरावे लागतात. 6 ते 12 वर्षे वयाच्या मुलांना 600 रुपये, तर त्याहून लहान मुलांना माफी आहे. नवरा-बायको, आजी आणि दहा वर्षांचा मुलगा असे चौघे पाच रात्री राहिले, तर केवळ या शुल्कापोटी 21,000 रुपये होतात. त्यात हॉटेल, गाडी, जेवण काही नाही. पर्यटक मोजके यावेत आणि त्यांच्या पैशांतून निसर्ग, आरोग्य व शिक्षण यांचा खर्च भागावा, असे त्या देशाचे उघड धोरण आहे. मे महिन्यात किनाऱ्यावर गाड्या नेणारी गर्दी पाहणाऱ्या आम्हाला ते फारसे खटकले नाही. तरीही ‘स्वस्त आणि जवळचा परदेश’ म्हणून जाणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.

रस्त्याने जायचे असल्यास मुंबईहून विमानाने बागडोगरा आणि तेथून गाडीने जयगाव, हा मार्ग सोयीचा आहे. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी हासिमारा हे जवळचे स्थानक होय. जयगाव आपल्याकडे, फुंटशोलिंग त्यांच्याकडे. मध्ये एक कमान. कमान ओलांडली की भोंग्यांचा गोंगाट थांबतो आणि घड्याळ अर्धा तास पुढे जाते. तेथून राजधानी थिंपूचा घाटरस्ता दीडशे किलोमीटरांच्या आसपास असला, तरी पाच तास धरून चालावे. पावसाळ्यात त्यावर दरडी कोसळतात. परशुराम घाट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अधिक सांगायला नको. मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ बरा.

तेथील चलन ङुल्ट्रम रुपयाच्या बरोबरीचा आहे आणि आपल्या नोटा सर्रास चालतात, पण उरलेले ङुल्ट्रम गुहागरच्या बाजारात कोणी घेणार नाही, तेव्हा ते तेथेच खर्चून यावे. जेवणाची काळजी नको. भात सगळीकडे मिळतो. फक्त ‘एमा दात्शी’ मागवताना लक्षात असू द्यावे की त्यात मिरची फोडणीपुरती नसते, मिरचीचीच चीज घालून केलेली ती भाजी असते.

समुद्रसपाटीवर आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्यांनी पारोजवळचा, कड्यावर वसलेला ताक्‌त्सांग बौद्ध मठ पहिल्या दिवशी चढू नये. पारो खोरेच सुमारे 2,200 मीटरवर आहे आणि मठ 3,100 मीटरच्याही वर, त्यामुळे दोन-तीन दिवस अंगाला हवेची सवय करून शेवटी तो ठेवावा. घोडा अर्ध्या वाटेपर्यंतच नेतो, उतरताना मिळत नाही, आणि पुढे पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या असतात. माझ्या एकाहत्तर वर्षांच्या भावाने अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहात चहा घेत मठ समोरून पाहिला आणि आम्ही परतेपर्यंत तिथेच स्वस्थ बसून राहिला. आत कॅमेरा, मोबाइल नेता येत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावे लागतात.

यापुढे परदेशाविषयी लेख छापताना त्याखाली कागदपत्रांची व शुल्काची चार ओळींची चौकट द्यावी, ही विनंती. मेहुणीने ते कार्ड आता पारपत्राच्या अर्जासोबत एकाच पिशवीत ठेवले आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
गुहागर, जि. रत्नागिरी