काझीगुंडची सकाळ आणि तुझ्या ड्रायव्हरचे साठ लिटर

सांगली,
८ फेब्रुवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी मार्केट यार्डात होतो, धड बोलता आलं नाही. श्रीनगरच्या खेपेत ट्रकचं ॲव्हरेज लिटरला सव्वाचार किलोमीटरचं चारवर आलं, म्हणून साठ लिटरचे पैसे तू ड्रायव्हरच्या पगारातून कापलेस, हे ऐकल्यापासून जिवाला चैन नाही.

मीही हेच केलं होतं. माझ्या ड्रायव्हर पोराला तोंडावर चोर म्हणालो. तो एक शब्द बोलला नाही, किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. पुढच्या जानेवारीत बेदाणा भरून मी स्वतः गाडीत बसलो, म्हटलं बघूच डिझेल जातं कुठं.

श्रीनगरच्या अलीकडं, काझीगुंडला बर्फामुळं रस्ता बंद. चिल्लई कलानचे दिवस, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, तिथला सगळ्यात कडक हिवाळा. ओळीतल्या सगळ्या गाड्यांची इंजिनं रात्रभर चालू. मी मात्र हट्टानं आपली बंद करायला लावली. सकाळी सेल मारला तर इंजिन नुसतं घरघरलं. ड्रायव्हरनं फिल्टर उघडून वाटीत उपडा केला. आत पांढरट, चिकट लगदा. दिवाळीत अभ्यंगस्नानाला खोबरेलाची बाटली कोमट पाण्यात ठेवावी लागते ना, अगदी तसं. डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत त्याचे कण होतात आणि फिल्टरची जाळी बुजवतात. गरम पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळून दोन तास आम्ही झटत होतो. शेजारचा एकजण टाकीखाली जाळ करायला निघाला होता, त्याला हाताला धरून थांबवलं.

म्हणून थंडीसाठी डिझेल वेगळं करावं लागतं. आपल्या देशाच्या मानकातच आहे, फिल्टर तुंबायचं तापमान उन्हाळी डिझेलला १८ अंशांपर्यंत चालतं, हिवाळीला ६ च्या वर नको. लडाखसाठी तर इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये खास डिझेल आणलं, पानिपतच्या रिफायनरीतलं, उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं. असं डिझेल करताना मेण कमी ठेवतात, रॉकेलसारखा हलका भाग वाढवतात. हलकं डिझेल म्हणजे लिटरमागं ताकदही थोडी कमी. पण ती किती? शंभरात दोन-तीन लिटरचा फरक, जास्त नाही. नुसत्या डिझेलवर बोट ठेवलंस तर तुझे साठ लिटर भरणार नाहीत.

खरं डिझेल खातं ते उभं इंजिन. एवढी मोठी गाडी नुसती चालू ठेवली तरी तासाला दोन लिटर तरी जातातच. तुझी गाडी तीन रात्री अडकली होती, असं तूच म्हणालास. आठ तासांची रात्र धरली तरी अठ्ठेचाळीस लिटर तिथंच गेले. त्यावर घट्ट झालेलं गिअर ऑइल, हवा उतरलेले टायर, आणि थंड हवा जड असते, गाडीला जास्त रेटावी लागते. तीस अंशांतली हवा शून्यावर आली की दहा टक्क्यांनी दाट होते. आता सांग, चोरीला जागा उरली कुठं?

आणखी एक. काठी टाकून टाकी मोजतोस ना? डिझेल थंडीत आकसतं. दुपारी तीस अंशांत भरलेले तीनशे लिटर शून्याला सात लिटरनी कमी भरतात, एक थेंब न सांडता. थंडीतलं माप उन्हातल्या मापाशी लावू नकोस.

रॉकेल मिसळ असं मात्र त्याला सांगू नकोस, पंप आणि इंजेक्टर कोरडे पडतात. वर जाताना टाकी थोडीच ठेवायची आणि तिकडचं डिझेल भरायचं, एवढं पुरे.

माझा तो पोरगा परत आला नाही. दोनदा त्याच्या गावी जाऊन आलो. तुझा अजून दारात आहे. त्याचे पैसे आजच दे, आणि का देतोस तेही त्याला नीट सांग. इथं नव्या हळदीचे सौदे आलेत, पुढची खेप भरायला त्यालाच पाठव. जेवायला माझ्याकडं थांबेल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
सांगलीचा दोस्त